हजेरीपटावरील लाल खूण

(विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या मार्च महिन्यातील स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांसमोर आकडे ठेवतो. किती रुग्णांनी बाह्यरुग्ण विभागाचा लाभ घेतला, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंना देयकात सवलत देता आली, आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग कसा झाला, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ते सर्व तपशील आपल्या हाती असलेल्या अहवालाच्या पुढील पानांवर आहेतच. आज मात्र आपल्या अनुमतीने, आमच्या कोणत्याही खातेवहीत आजवर न आलेल्या एका गोष्टीविषयी बोलावयाचे आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मार्च महिना म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर वर्षअखेर, ताळेबंद आणि लेखापरीक्षक एवढेच उभे राहते. हाच महिना जगभर एका स्त्रीरोगाविषयी जागृती करण्यासाठी पाळला जातो आणि त्याचे चिन्ह पिवळी फीत आहे, हे आम्हांला वयाची पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. रुग्णालयाच्या प्रशासनात उभे आयुष्य घालवूनही ठाऊक नव्हते, हे सांगताना संकोच वाटतो. परंतु ते सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

त्या आजाराचे नाव एंडोमेट्रिऑसिस. नाव उच्चारण्यास अवघड असले तरी आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया व मुली यांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जवळजवळ १९ कोटी जणींना तो आहे. दहांत एक, असे हे प्रमाण आहे. या सभागृहातील भगिनींची संख्या पाहता आपण सर्वांनी मनातल्या मनात गणित करावे.

आम्हांला हे नाव कसे कळले, तो प्रसंग आमच्या गौरवाचा नाही. आपल्या रुग्णालयाच्या कॅश काउंटरवर काम करणाऱ्या एक भगिनी आहेत. त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. सारे कर्मचारी त्यांना ताई म्हणतात, आपणही तसेच म्हणावे. पुढील हकिकत त्यांच्या अनुमतीनेच सांगत आहोत. किंबहुना 'साहेब, सांगायची तर सगळी सांगा, मेमोसकट सांगा,' असा त्यांचा आग्रह होता.

ताई चोविसाव्या वर्षी आपल्याकडे रुजू झाल्या. कामात चोख, दिवसाच्या रोकडीत कधी एक रुपयाची तफावत नाही. परंतु दर महिन्याला एक-दोन दिवस गैरहजेरी ठरलेली. हजेरीपटावर त्यांच्या नावासमोर लाल खुणा वाढू लागल्या. काउंटरवरील अन्य कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली, तेव्हा प्रशासन म्हणून आम्ही जे करावयाचे ते नियमानुसार केले. 'आपण वारंवार पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहत असून त्याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा,' असा मेमो दिला. त्यांचा खुलासा दोन शब्दांचा होता: 'पोटात दुखते.' आम्ही त्यावर 'खुलासा असमाधानकारक' असा शेरा मारून एक वेतनवाढ रोखली. तो कागद आजही त्यांच्या सेवापुस्तकात आहे आणि शेऱ्याखाली आमची स्वाक्षरी आहे.

ज्या इमारतीत तळमजल्यावर रुग्णाला 'काय होते आहे' असे विचारले जाते, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक स्त्री 'पोटात दुखते' असे लिहून देते, आणि आम्हांला ते असमाधानकारक वाटते! त्या वेळी यातील विसंगती आमच्या ध्यानातही आली नाही.

पुढे वर्षभराने, महिनाअखेरीच्या गर्दीत ताई काउंटरवरच भोवळ येऊन कोसळल्या. सुदैवाने त्या दिवशी आपल्या मानद स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होत्या. त्यांनी तपासण्याआधी केवळ प्रश्न विचारले. दुखणे कधीपासून? पाळीच्या आधी, पाळीत की नंतरही? शौचास वा लघवीस होताना त्या दिवसांत दुखते का? पतीपत्नीच्या संबंधांच्या वेळी दुखते का? गोळी घेऊनही कामावर जाता येत नाही असे महिन्यातून किती दिवस? ताईंनी पुढे आम्हांला सांगितले की त्या उत्तरे देता देता रडल्या, आणि त्या रडण्याला वेदना कारण नव्हती. तेराव्या वर्षापासून दुखत होते. परंतु असे ओळीने, शांतपणे कोणी विचारण्याची ती पहिली वेळ होती.

तेरा ते एकोणतीस. सोळा वर्षे. या सोळा वर्षांत त्यांनी काय ऐकले, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत बोलले जातेच. 'बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते.' 'ओवा खा, शेक घे.' 'लग्न झाले की थांबेल.' लग्नानंतर, 'एक मूल झाले की थांबेल.' शाळा बुडत राहिली, बारावीची एक परीक्षा गेली. मध्यंतरी अपेंडिक्सचे निदान होऊन ते काढण्यात आले. दुखणे होते तेथेच राहिले. दोनदा सोनोग्राफी झाली व दोन्ही वेळा अहवाल नॉर्मल आला. अहवाल नॉर्मल म्हणजे माणूस खोटारडा, असा हिशेब आपण फार लवकर करतो. एका डॉक्टरांनी मानसिक ताणाची गोळी दिली. आणि आम्ही मेमो दिला.

दुर्बिणीद्वारे तपासणी व शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डाव्या बीजांडकोषात चॉकलेट सिस्ट आढळली, आणि गर्भाशयाची मागील बाजू व आतडे एकमेकांना चिकटलेले आढळले.

या ठिकाणी रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून समजून घेऊन, त्यांच्याकडून तपासून घेऊन हे सांगत आहोत. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, त्यासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजांडकोषावर, बीजवाहिन्यांवर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयावर. या पेशींवर संप्रेरकांचा परिणाम होतो. तेथे दाह होतो, सूज येते, व्रण भरताना चिकटपट्ट्या तयार होतात आणि जे अवयव एकमेकांपासून सुटे असावयास हवेत, ते जखडले जातात. बीजांडकोषात जुने रक्त साठून जी गाठ होते, तिच्या गडद तपकिरी रंगामुळे तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या शल्यविशारदांनी १९२१ मध्ये अशा गाठींचे सविस्तर वर्णन केले. पाळीच्या वेळी काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट दिशेने पोटात जाते व तेथे या पेशी रुजतात, असा विचार त्यांनी १९२७ मध्ये मांडला. परंतु असे उलट वाहणे पुष्कळ स्त्रियांत होते आणि आजार मात्र काहींनाच होतो, म्हणून कारणांचा शोध शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आई वा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर तो होण्याची शक्यता वाढते. तो संसर्गाने होत नाही, तो कर्करोग नाही, आणि कोणाच्या आचरणाचे ते फळ तर मुळीच नाही.

दोन गोष्टी मात्र आमच्यासारख्या हिशेबी माणसाला फार विचार करावयास लावणाऱ्या वाटल्या. पहिली ही की, पोटात आढळणारा रोग आणि जाणवणारी वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. कोणाच्या पोटात थोडेच डाग असतात आणि वेदना असह्य असते. कोणाच्या पोटात रोग पसरलेला असतो आणि तो मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच प्रथम सापडतो. जमा आणि खर्च या बाजू येथे जुळवता येत नाहीत. दुसरी गोष्ट ही की, वेदना वर्षानुवर्षे राहिली तर शरीराची वेदना जाणवून देणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील होते. मग रोगाचे डाग काढून टाकल्यावरही दुखणे काही अंशी उरते. म्हणजे आपण जेवढा उशीर करतो, तेवढे वेदनेचे मूळ खोल जाते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत, त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत ४ ते १२ वर्षे जातात असे आढळले आहे. उशिरावर आम्ही देयकांत व्याज लावतो. हे व्याज मात्र रुग्णाच्या देहातून वसूल होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. हिलरी मँटेल या विख्यात इंग्रज कादंबरीकार. बुकर पारितोषिक त्यांना २००९ आणि २०१२ असे दोनदा मिळाले. विद्यार्थिदशेत त्यांच्या वेदनेचे मूळ मनात आहे असे ठरवून त्यांना मानसोपचाराची औषधे देण्यात आली. पुढे आफ्रिकेत बोट्सवाना येथे राहत असताना त्यांनी वैद्यकाचे पाठ्यपुस्तक वाचून स्वतःच्या आजाराचे नाव स्वतःच ओळखले. सत्ताविसाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय व बीजांडकोष काढावे लागले. एवढे होऊनही आजार परतला. ही सारी कहाणी त्यांनी २००३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिली आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत या विषयावर त्या बोलत राहिल्या. शब्दांवर इतके प्रभुत्व असलेल्या स्त्रीलाही आपले दुखणे डॉक्टरांना पटवून देता आले नाही, तर काउंटरवरच्या आमच्या ताईंनी दोन शब्दांच्या खुलाशात ते कसे पटवावे?

बदल झाला तो मुख्यतः रुग्ण स्त्रियांनी आपले दुखणे स्वतः सांगावयास सुरुवात केल्यामुळे. १९८० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मेरी लू बॉलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी या रुग्णांची पहिली संघटना स्थापन केली. अशा प्रयत्नांना फार उशिरा का होईना, शासनांनी साद दिली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२२ च्या जानेवारीत राष्ट्रीय धोरणाची घोषणा केली. आपल्या मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेनेही भारतीय स्त्रियांमधील या आजाराच्या अभ्यासात पुढाकार घेतला आहे.

वैद्यकाचे नियमही बदलले. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याखेरीज निदान पक्के मानत नसत. युरोपातील तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आता लक्षणे व तपासणी यांवरून औषधोपचार सुरू करता येतो, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असे समजू नये, असेही त्यांत स्पष्ट केले आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या केली. एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे, असे त्या व्याख्येसोबतच नमूद आहे. हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला त्या मेमोवरचा आमचा शेरा आठवला.

बंधुभगिनींनो, आता आपल्या मातीतील एका गोष्टीचा उल्लेख करतो. ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाकडून उचल घेऊन जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. एक दिवस काम चुकले तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचा दंड भरावा लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

या स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस होता असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या व्यथेची कारणे अनेक आहेत आणि त्यांत दारिद्र्य मोठे आहे. आम्हांला जे जाणवले ते एवढेच की, आमच्या हजेरीपटावरची लाल खूण आणि उसाच्या फडातला खाडा या दोन्ही नोंदींत एकच उणीव आहे. स्त्री आली नाही याची नोंद आहे. ती का आली नाही, याची नाही. आणि कारण विचारण्याची सवयच नसते, तेव्हा एक तर वेतनवाढ कापली जाते, नाही तर गर्भाशय. एंडोमेट्रिऑसिसपुरते सांगावयाचे तर हा आजार गर्भाशयाबाहेरचा असतो, म्हणून केवळ गर्भाशय काढल्याने तो हमखास जात नाही. आणि तरुण वयात बीजांडकोषही काढले तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. अशा शस्त्रक्रियेचा निर्णय काही रुग्णांसाठी योग्य असतोही. परंतु तो सर्व बाजू समजावून सांगून, रुग्णाने विचारपूर्वक घेतलेला असावा.

ताईंचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे बरी गेली. नंतर दुखणे पुन्हा सुरू झाले. पूर्वीइतके नाही, पण सुरू झाले. त्या संप्रेरकाची गोळी नियमित घेतात, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम करतात, आणि महिन्यातील काही दिवस गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवूनच काउंटर सांभाळतात. या आजाराचे समूळ उच्चाटन करणारा उपचार आज उपलब्ध नाही. तो आटोक्यात ठेवता येतो. पुष्कळ जणींना उपचारांनी चांगला आराम पडतो, अनेकींना मूलही होते. ताईंना मूल झाले नाही. त्याविषयी त्या फारसे बोलत नाहीत, म्हणून आम्हीही बोलत नाही.

त्या बोलतात ते शाळांमधून. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने शनिवारची अर्धी सुट्टी त्या आठवी-नववीच्या मुलींबरोबर घालवतात. सोबत पुठ्ठ्यावर स्वतः काढलेला शरीराचा तक्ता आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. पाळीमुळे शाळा बुडते का, असे विचारले की वर्गात एकही हात वर होत नाही. चिठ्ठ्या वाटल्या की मुली लिहू लागतात. 'पहिल्या दिवशी थोडे दुखणे, गोळीने थांबणारे, हे पुष्कळ जणींना होते, घाबरू नका. पण दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, दर महिन्याला वाढत असेल, तर ते सोसण्याचे नाही, दाखवण्याचे दुखणे आहे,' हे त्या सांगतात. बचत गटांच्या सभांत त्या जातात, पालकसभांत जातात, आणि वडिलांनीही बसावे असा हट्ट धरतात.

सर्वत्र स्वागतच होते असे नाही. एका पालकसभेत एक माता संतापून उठल्या व म्हणाल्या, 'असली नावे मुलींना चिकटवलीत तर त्यांची लग्ने कशी व्हायची?' ताईंनी उलट उत्तर दिले नाही. सभा संपल्यावर त्या मातेजवळ जाऊन बसल्या. बोलता बोलता कळले की त्या माउलीलाही वर्षानुवर्षे हाच त्रास होता आणि मुलीला तो आहे हेही तिला माहीत होते. तिचा राग हा भयाचा राग होता. ती मुलगी आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत आहे, आणि तिला घेऊन तिची आईच येते.

एकदा अशाच एका कार्यक्रमाच्या दिवशी ताईंना फार त्रास होत होता. कार्यक्रम पुढे ढकलावा असे आम्ही सुचवले. त्या म्हणाल्या, 'साहेब, मी बरी होऊन सांगायला जात नाही. दुखत असतानाच सांगते आहे. बरी व्हायची वाट पाहिली तर सांगायचे राहूनच जाईल.' त्या खुर्चीवर बसून बोलल्या. त्यांचे हे म्हणणे आम्हांला अनेक व्याख्यानांहून मोलाचे वाटते. दीर्घकाळच्या वेदनेसह जगणाऱ्या माणसाकडून आपण एक तर अश्रूंची अपेक्षा करतो, नाही तर विजयाची. ताई या दोहोंपैकी काहीच देत नाहीत. त्या रोकड मोजतात, शाळेत जातात, आणि दुखेल त्या दिवशी दुखते असे सांगतात.

आता आपल्या रुग्णालयाने काय केले, ते थोडक्यात नमूद करतो.

पहिले म्हणजे, ताईंची रोखलेली वेतनवाढ विश्वस्त मंडळाने फरकासह मंजूर केली. मेमो सेवापुस्तकातून काढावा काय, असे आम्ही ताईंना विचारले. 'राहू द्या, फक्त त्याखाली खरे कारण लिहा,' असे त्या म्हणाल्या. त्याप्रमाणे आम्ही लिहिले आणि खाली पुन्हा स्वाक्षरी केली.

दुसरे, स्त्रीरुग्णांच्या केसपेपरवर आम्ही चार प्रश्न छापून घेतले. पाळीत दुखते का व कधीपासून. महिन्यातून किती दिवस काम वा शाळा बुडते. त्या दिवसांत शौचास, लघवीस वा संबंधांच्या वेळी दुखते का. यापूर्वी कोठे दाखवले व काय सांगितले. हे प्रश्न परिचारिका आडोशाला, एकांतात विचारतात. यासाठी नवे यंत्र लागले नाही. छपाईचा खर्च इतका अल्प आहे की लेखापरीक्षकांनी त्याविषयी एकही शंका काढली नाही. तिसरे, वेदनेची रोजची नोंद ठेवण्यासाठी साधी महिनावही रुग्णांना विनामूल्य देतो. तोंडी सांगताना जे राहून जाते, ते या वहीमुळे डॉक्टरांसमोर येते. चौथे, ठरावीक दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकत्र बसतात. ज्या शस्त्रक्रिया आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, आतड्यापर्यंत पसरलेल्या आजाराच्या, त्या येथे अर्धवट न करता रुग्णाला योग्य ठिकाणी चिठ्ठी देऊन पाठवतो. आणि पाचवे, कर्मचारी भगिनींच्या रजेच्या अर्जावर 'पोटात दुखते' हे कारण आता पुरेसे मानले जाते.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या औदार्याने या वास्तूत यंत्रे आली, खाटा आल्या, नवी शस्त्रक्रियागृहे झाली आणि त्यांवर आपल्या आप्तांच्या स्मृतीच्या पाट्या लागल्या. ते सर्व आवश्यक होते. या कामासाठी मात्र आम्ही जे मागत आहोत, त्यावर पाटी लावण्यास जागा नाही. एखाद्या गरीब मुलीची महिन्याची गोळी, तीही अनेक वर्षे चालणारी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील सवलत, गावाहून येणाऱ्या रुग्णाचे येण्या-जाण्याचे भाडे, समुपदेशकाचे मानधन. हा खर्च एकरकमी नाही, तो संथ आणि न संपणारा आहे, कारण आजारच तसा आहे. यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. आपण त्यास हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांकडे, विशेषतः पती, पिता आणि बंधू यांच्याकडे आमचे मागणे पैशाचे नाही. घरातील स्त्री दुखते असे म्हणाली तर 'किती दुखते' याचा पुरावा मागू नका. 'कधीपासून दुखते' एवढे विचारा, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका. 'ज्याचे जळते त्याला कळते' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी आहे. पण ज्याचे जळत नाही त्याने विचारून घेण्यास ती म्हण आड येत नाही.

यंदाचा ताळेबंद आपल्यासमोर आहे. तो लेखापरीक्षकांनी तपासला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू जुळल्या आहेत. तरीही त्यावर स्वाक्षरी करताना आम्हांला या वर्षी पूर्वीसारखे निश्चिंत वाटले नाही. या इमारतीत येऊन गेलेल्या, अहवाल नॉर्मल म्हणून परत पाठवलेल्या, कुठल्याच पानावर न आलेल्या किती जणी असतील, हे त्या ताळेबंदातून कळत नाही. त्यांपैकी कोणी आपल्या घरात, शेजारी, परिचयात असेल, तर तिला पुन्हा एकदा येथे येण्यास सांगा. या वेळी आम्ही विचारू आणि लिहून घेऊ.